उघडलेल्या पॅराशूटखाली

(दृश्य: मोकळं मैदान. खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फडफडतेय. खूप उंचावर विमानाचा ठिपका.)

विमान १३,००० फुटांवर पोचतं, दार उघडतं, माणसं एकामागून एक बाहेर पडू लागतात. या वेळी खाली ड्रॉप झोनवर, म्हणजे उतरायच्या मैदानावर, उभी असलेली जुनी मंडळी वर बघतसुद्धा नाहीत. त्यांच्या गप्पा चालूच असतात. मिनिटभरानं आभाळात रंगीत कापडं उमलतात. कुणीतरी बोटानं मोजतो, आकडा जुळला की पुन्हा गप्पा. त्या थांबतात शेवटच्या तीनशे फुटांत. तेव्हा सगळ्या माना एकदम वळतात. कोण वळतोय, किती खाली येऊन वळतोय, त्याच्या वाटेत दुसरं कुणी आहे का.

पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला हे चमत्कारिक वाटतं. त्याच्या हिशेबात जीव टांगणीला लागायचा तो वर, दारात. पॅराशूट उघडलं म्हणजे सुटलो. स्काय डायव्हिंगमधली बरीचशी भांडणं या एका गैरसमजापाशी येऊन मिळतात. आणि हा गैरसमज फक्त पाहुण्यांचा नाही.

(दृश्य: दारातून बाहेर पडणारी स्काय डायव्हर, संथ गतीत.)

आधी पडण्याबद्दल. पाळण्यात येतो तसा पोटात गोळा इथे बहुतेकांना येत नाही, कारण विमानाचा वेग आधीपासूनच अंगात असतो. दहा-बारा सेकंदांत खाली पडण्याचा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरवर जातो आणि तिथेच ठरतो. शरीराचं वजन आणि हवेचा विरोध यांची बरोबरी झालेली असते. मग पडतोय असं वाटतच नाही. जोराच्या वाऱ्यावर पालथं झोपल्यासारखं वाटतं.

या वाऱ्यावर स्थिर राहायची युक्ती बॅडमिंटनचं फूल पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. फूल कसंही भिरकावलं तरी बुचाची बाजू खाली येते. इथे कंबर हे बूच. ती पुढे काढायची, छाती उघडायची, हातपाय मागे सोडायचे. शरीराची कमान होते. नवशिका घाबरला की पोटाशी गोळा होतो, कमान मोडते आणि वारा त्याला उताणा पाडतो. म्हणून प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून एकच शब्द घोकून घेतात, ‘आर्च’.

कमान जमली की खरं उडणं सुरू होतं. पाय ताणले की पुढे सरकता येतं, एक बाजू किंचित खाली दाबली की वळता येतं. अंग पसरलं की पडण्याचा वेग कमी, आवळलं की जास्त. चार-आठ जणांनी हवेत एकमेकांचे हात धरायचे तर सगळा खेळ या वेगांच्या मिळवणीचा. त्यात एक नियम फार निर्दय आहे. घोळक्याच्या खाली गेलेल्याला वर चढता येत नाही. त्याला फक्त इतरांपेक्षा हळू पडता येतं, आणि ते खाली येईपर्यंत वाट बघता येते. २००६ साली थायलंडच्या आकाशात ४०० जणांनी मिळून एकच आकृती बांधली, तेव्हा त्यातला प्रत्येक जण हाच हिशेब करत होता.

ठरलेली उंची आली की सगळे पाठ फिरवून, हात अंगालगत घेऊन, एकमेकांपासून शक्य तितके लांब सरकतात. ज्याचं पॅराशूट उघडतं तो एकदम मंदावतो. त्याच्या डोक्यावर ताशी १९० किलोमीटरनं येणारा दुसरा कुणी असला, तर दोघांनाही वाचवणं अवघड.

(दृश्य: उभ्या पवनबोगद्यात, खालून जोराचा वारा सोडलेल्या काचेच्या नळीत, तरंगणारी पोरं.)

ही सगळी विद्या आता जमिनीवर शिकता येते. एका उडीत मुक्त पतनाचं जेमतेम एक मिनिट मिळतं, म्हणजे शंभर उड्या मारल्या तरी सरावाचे तास दोनसुद्धा भरत नाहीत. पवनबोगद्यात तेवढा सराव दोन दिवसांत होतो. परिणाम असा की तीसच उड्या झालेला मुलगा हवेत तीनशे उड्यांवाल्यासारखा उडतो. सगळे त्याला आपल्या गटात बोलावतात. पॅराशूट उघडल्यावर मात्र तो तीस उड्यांवालाच असतो, कारण बोगद्यात पॅराशूट नसतं. हे त्याला कोण सांगणार, आणि सांगितलं तर तो ऐकेल का?

(दृश्य: पॅकिंगची सतरंजी. कापडाची घडी, दोऱ्यांच्या जुड्या.)

आता पाठीवरच्या पेटीकडे वळू. तिला कंटेनर म्हणतात. आत दोन पॅराशूट असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य उघडायचं तर कंटेनरच्या तळाशी खोचलेली छोटी छत्री, पायलट चूट, हातानं ओढून वाऱ्यात फेकायची. ती पट्टा ओढते, पट्टा पिन ओढतो, पेटी उघडते, दोऱ्या सुटतात, मग कापड हवेनं भरतं. कापड फाडकन उघडून माणसाच्या बरगड्या मोडू नयेत म्हणून दोऱ्यांवर एक चौकोनी फडकं असतं, स्लायडर. ते वरून सावकाश घसरत येतं आणि कापडाला धीरानं उघडायला लावतं.

हे कापड म्हणजे छत्री नव्हेच. डोमिना जाल्बर्ट यांना १९६६ साली ज्याचं पेटंट मिळालं तो हा कप्प्याकप्प्यांचा पंख आहे. पुढून हवा शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. जुनं गोल पॅराशूट माणसाला खाली उतरवायचं. हे त्याला उडवतं. पुढची सगळी मजा आणि पुढचे सगळे अंत्यविधी या फरकातून आले.

मुख्य पॅराशूट बिघडलं तर? उजव्या छातीवर लाल हँडल, डाव्या छातीवर दुसरं. लाल ओढलं की मुख्य पॅराशूट अंगापासून सुटतं, दुसरं ओढलं की राखीव उघडतं. लाल हँडलमागे एकात एक अडकवलेल्या तीन कड्या असतात, बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात शोधलेल्या. प्रत्येक कडी तरफेसारखं काम करते. अंगावर आलेला सगळा भार कडीकडीनं उतरत जातो आणि शेवटी एका दोरीच्या फासावर इतका थोडा उरतो, की आतली लवचिक तार हातानं सहज ओढून निघते. इतकी साधी, इतकी देखणी यंत्ररचना या खेळात दुसरी नाही, असं माझं मत.

कुणी बेशुद्ध पडलं किंवा उंचीचं भानच राहिलं नाही, तर त्यासाठीही सोय आहे. हेल्मुट क्लोथ या जर्मन माणसानं १९९१ साली सायप्रेस नावाचं यंत्र आणलं. ते हवेचा दाब मोजत राहतं. साधारण २२५ मीटरवरसुद्धा तुम्ही सेकंदाला ३५ मीटरहून जास्त वेगानं पडत असाल, तर ते एक छोटं पातं उडवून राखीव पेटीचा फास कापतं. अशा यंत्रांवर सुरुवातीला अनुभवी लोकांनी नाक मुरडलं होतं. यंत्राच्या भरवशावर माणूस आळशी होईल, असं ते म्हणायचे. आज यंत्राशिवाय विमानात चढणारा विरळा.

(दृश्य: जुनं छायाचित्र, गोल पॅराशूट. त्यावरून आजचा छोटा, निमुळता पंख.)

एवढं सगळं झाल्यावर खेळ सुरक्षित व्हायला हवा होता. झालाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात वर्षाला चाळीसहून अधिक माणसं जायची. २०२३ साली तिथे सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० मृत्यू. पण त्याच बिल बूथ यांच्या नावानं एक कडवट नियम सांगितला जातो: साधनं जितकी सुरक्षित होतील तितका स्काय डायव्हर जास्त धोका पत्करेल, म्हणजे हिशेब तिथल्या तिथेच. आकड्यांनी हा नियम पुरता खरा ठरवला नाही. तरी हे अपघात कुठे होतात ते पाहिलं, की बूथ यांना काय दिसलं होतं ते कळतं. त्यांतला मोठा वाटा अशांचा, ज्यांचं मुख्य पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं होतं.

कारण पंख लहान होत गेले. माणसाच्या वजनाला पंखाच्या क्षेत्रफळानं भागायचं. वजन पाउंडांत, क्षेत्रफळ चौरस फुटांत. शिकाऊ माणसाला हे प्रमाण एकच्या आसपास किंवा त्याहून कमी देतात. स्पर्धेतले लोक दोनच्याही पुढे जातात. भार वाढला की पंख वेगवान होतो आणि हाताच्या एका झटक्याला ताडकन वळतो. वळताना पंख नाक खाली घालतो आणि खालचा माणूस लंबकासारखा बाहेर फेकला जातो. पंख पुन्हा डोक्यावर यायला काही अंतर जावं लागतं. ते अंतर खाली शिल्लक असेल, तर सरळ झाल्यावर मिळालेल्या वेगानं गवताला पाय लावत ताशी शंभराच्या वर घसरत जाता येतं. याला ‘स्वूप’ म्हणतात, आणि तो बघताना भल्याभल्यांचे डोळे दिपतात. अंतर शिल्लक नसेल, तर राखीव पॅराशूट, तीन कड्या, सायप्रेस यांतलं काहीच उपयोगाला येत नाही. उंचीच उरलेली नसते.

गंमत म्हणा की क्रूर विनोद, काही स्वूप इतके वेगवान झाले की सायप्रेसला वाटू लागलं, हा माणूस पॅराशूटविना पडतोय. मग अशा लोकांसाठी यंत्राची वेगळी आवृत्ती काढावी लागली.

खाली येऊन केलेलं वळण नेहमी दिमाखासाठी नसतं. पुष्कळदा माणूस घाबरून वळतो. समोर कुंपण येतं, दुसरं पॅराशूट येतं, वारा फिरल्याचं उशिरा ध्यानात येतं, आणि हात नकळत एक दोरी खाली खेचतो. दोन्ही हातांतल्या दोऱ्या, म्हणजे ब्रेक, अर्ध्या ओढून सपाट वळायचं तंत्र आहे; वारा चुकीचा असला तरी तसंच सरळ उतरून दोन्ही पाय जोडून लोळण घ्यायचं तंत्र आहे. दोन्ही कंटाळवाणी. त्यांचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

(दृश्य: हँगरमधला फळा. दिवसाच्या उड्यांची यादी.)

आणि इथे भांडण पेटतं. कुणी किती लहान पंख वापरावा हे ठरवायचं कुणी? फ्रान्सच्या पॅराशूट महासंघानं वजन आणि उड्यांची संख्या यांचा तक्ता केलाय: एवढ्या अनुभवाला याहून लहान पंख नाही. अमेरिकेत स्काय डायव्हरांची संघटना सल्ला देते, परवान्यांच्या पायऱ्या ठेवते, पहिला २५ उड्यांना आणि सगळ्यात वरचा ५०० ला. पंखाचा आकार मात्र बहुतांशी माणसाच्या आणि ड्रॉप झोनच्या मालकाच्या हाती. तरुण म्हणतो, मी सज्ञान आहे, जीव माझा. म्हातारे म्हणतात, जीव तुझा, पण तुला उचलणार आम्ही. त्यावर तरुणाचं उत्तर तयार असतं: तुम्ही माझ्या वयात काय करत होतात? हा टोला खोटा नाही. आज नियम सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी ते स्वतः मोडले होते. पण त्यांच्यातले जे परतले नाहीत, ते आज सल्ला द्यायला इथे नाहीत, हेही खरं.

नुसत्या प्रमाणाच्या हिशेबालाही खोट आहे. सारखंच प्रमाण ठेवलं तर वजनानं हलक्या माणसाच्या वाट्याला फार लहान पंख येतो, आणि लहान पंखाच्या दोऱ्या आखूड असल्यानं तो त्याच प्रमाणातल्या मोठ्या पंखापेक्षा जास्त चपळ असतो. याचा फटका बसतो मुख्यतः स्त्रियांना. अमेरिकेच्या संघटनेत त्या साधारण सातांत एक. त्यांना पंखाबद्दल न मागता सल्ला देणारे पुष्कळ, पण हा साधा हिशेब सांगणारे थोडे. शिकवण्याच्या बहाण्यानं जवळीक साधणाऱ्या प्रशिक्षकांबद्दल स्त्रिया आता उघड बोलू लागल्या आहेत. हँगरमध्ये तो विषय निघाला की अजूनही काही जणांना अचानक पॅकिंग आठवतं.

कॅमेऱ्याचंही तेच. हेल्मेटवर आगपेटीएवढा कॅमेरा लावला तर बिघडलं कुठे? बिघडतं असं, की त्यात दोरी अडकू शकते, आणि त्याहून जास्त म्हणजे लक्ष अडकतं. म्हणून आधी २०० उड्या करा, असं सांगितलं जातं. सांगणाऱ्याला शत्रू मिळतात. आणि प्रसिद्धीची हाव फक्त नवशिक्यांना असते असंही नाही. २०२२ साली अमेरिकेत दोन निष्णात वैमानिक-स्काय डायव्हरांनी आपापली विमानं हवेत सोडून एकमेकांच्या विमानात शिरायचा घाट घातला. विमान प्रशासनानं परवानगी नाकारली होती, तरी त्यांनी तो केला. एक विमान कोसळलं. माणसं वाचली, पण दोघांचेही वैमानिक परवाने गेले. कुणाला ते शूर वाटले, तर कुणाला वाटलं की यांनी सगळ्यांच्या खेळावर सरकारची नजर ओढवून घेतली.

सगळ्यात कठीण बोलणं अपघातानंतरचं. ‘आवडतं काम करताना गेला,’ असं कुणीतरी म्हणतं, आणि पुढचे सगळे प्रश्न तिथेच थांबतात. कुटुंब समोर असताना वळण किती फुटांवर घेतलं, पंख केवढा होता, हे विचारायचं कसं? न विचारावं, तर पुढचा माणूस तेच वळण घेणार. अमेरिकेची संघटना असे अहवाल मृताचं नाव न घेता छापते. हँगरमध्ये मात्र नाव सगळ्यांनाच ठाऊक असतं.

(दृश्य: पुन्हा मैदान. संध्याकाळची शेवटची फेरी. एक लहान, लाल पंख वेगानं वळतो.)

गप्पा थांबल्या आहेत. लाल पंखाचं नाक खाली जातं, माणूस बाहेर फेकला जातो, पंख पुन्हा डोक्यावर येतो. पाय गवताला लागतात, तो दहा-वीस मीटर घसरत जातो आणि उभा राहतो. कुणीतरी शिट्टी मारतं. दोघे-तिघे टाळ्या वाजवतात.

कडेला उभ्या असलेल्यांपैकी एक जण टाळ्या वाजवत नाही. तो खिशातून हात काढतो आणि मैदान ओलांडून चालू लागतो. मुलगा कापड गोळा करतोय. त्याला येणारा माणूस दिसलाय. हेल्मेट त्यानं अजून काढलेलं नाही.