पनेटचा तळ

नमस्कार, श्रोतेहो.

परवा संध्याकाळी हातगाडीवरून स्ट्रॉबेरीचं एक पनेट, म्हणजे प्लास्टिकची छोटी डबी, घेतलं. वरची फळं लालभडक, चकचकीत. घरी आल्यावर नातीनं डबी ताटात पालथी केली, तर तळाची तीन फळं बसलेली, एकावर राखेसारखी करडी लव. "आजोबा, फसलो आपण!"

गाडीवाल्याला बोल लावायला माझंही तोंड उघडलं होतं. पण उभा जन्म डाळिंबात गेलाय, म्हणून जीभ आवरली. ही करडी बुरशी पुष्कळदा फुलातच शिरलेली असते. फुलोऱ्यात हवा ढगाळ, दमट राहिली की ती पाकळ्यांवर बसते, कोवळ्या फळात गप पडून राहते आणि फळ पिकून मऊ झालं, डबीत ऊब मिळाली की वर येते.

म्हणून महाबळेश्वर-पाचगणीकडचे जाणते शेतकरी गादीवाफे उंच घेतात, रोपं दाटीनं लावत नाहीत, वाळकी पानं खुडून शेताबाहेर टाकतात. झाडात वारं खेळलं पाहिजे. पाणी ठिबकनं, पानांवर थेंब नको. वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर काही नुसता तणासाठी नसतो, फळ ओल्या मातीला टेकू नये हेही काम तो करतो.

खताचं मात्र तिकडेही आपल्यासारखंच. युरियाचा हात सैल सुटला की पाला हिरवागार, पण फळ मऊ. त्याला कणखरपणा द्यायला कॅल्शियम लागतं. तोडणीच्या तोंडावर भरमसाट पाणी सोडलं तर वजन भरतं, चव पाणचट होते. वजनाचा मोह कुणाला सुटलाय! आपणही ताण पडलेल्या डाळिंबाला एकदम पाणी देतो आणि फळं तडकली की हवामानाच्या नावानं बोटं मोडतो.

स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही, त्या बाबतीत ती डाळिंबाचीच बहीण. तोडल्यावर रंग थोडा चढेल, गोडी नाही वाढणार. इथंच शेतकऱ्याची कोंडी होते. देठाकडे पांढरट असताना तोडावी तर टिकते पण आंबट लागते. पूर्ण लाल झाल्यावर तोडावी तर सोलापूर गाठेपर्यंत रस सुटतो. सकाळी दव वाळल्यावर, ऊन चढायच्या आत, हिरव्या टोपीसकट तोडायची आणि लगेच थंड करायची. शून्य अंशाच्या आसपास आठवडाभर तग धरते. आपल्याकडच्या मार्चमधल्या दुपारी, उघड्या गाडीवर? संध्याकाळ दिसली तरी पुष्कळ.

तेव्हा पनेट घेताना उचलून आधी तळ बघा. टोपी हिरवी, ताठ असावी. रस सुटलेला दिसला तर डबी परत ठेवा. घरी आणून धुऊन ठेवू नका, खाताना धुवा.

आमच्या नातीनं ती तीन फळं कुंडीत पुरलीत, रोज पाणी घालते. स्ट्रॉबेरीची लागवड बियांपासून नाही, रनरपासून, म्हणजे झाडाला फुटणाऱ्या आडव्या धुमाऱ्यांपासून करतात, हे तिला अजून सांगितलेलं नाही.