वाडग्याच्या तळाशी

सॅलड संपलंय. आता वाडगा जरा तिरका करून बघा. तळाला पिवळसर, तेलकट थारोळं साचलंय, मिऱ्याचे दोन-चार कण त्यात तरंगताहेत. या सॅलडच्या कॅलरींचा हिशेब मांडायचा तर इथूनच.

काकडीत जवळपास ९५ टक्के पाणी. १०० ग्रॅम खाल्ली तरी जेमतेम १५ कॅलरी. तेलाच्या मात्र एकेका ग्रॅममध्ये ९. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. तेवढ्यासाठी काकडी खायची तर ८०० ग्रॅम लागेल. आणि बाटलीतून थेट धार धरली की एका चमच्यावर हात थांबतो कुणाचा? तेल ऑलिव्हचं असलं म्हणून आकडा कमी होत नाही, बरं का.

मग तेल बंदच करून टाकायचं? इथेच गफलत होते. २००४ साली अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसं मोजकीच, सात. त्यांना पालक, लेट्यूस, टोमॅटो आणि गाजराचं सॅलड दिलं. ड्रेसिंगमध्ये कधी तेल अजिबात नाही, कधी ६ ग्रॅम, कधी २८. बिनतेलाच्या सॅलडमधले कॅरोटिनॉइड, म्हणजे भाज्यांमधले पिवळे-लाल पोषक रंगघटक, अंगी लागलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. तेल वाढलं तसं शोषण वाढलं. पण २८ ग्रॅम तेलाच्या कॅलरी होतात अडीचशे! तेव्हा एका माणसामागे दोन लहान चमचे, तेही मोजून, हे मला पटतं. सॅलडमध्ये अक्रोड किंवा अंडं असेल तर त्यातूनही स्निग्धांश मिळतोच.

एवढंसं तेल पुरवायचं कसं? हे पान बघा. नुकतं धुतलंय, अंगावर थेंब आहेत. ड्रेसिंग टाकलं की ते पानाला न धरता घरंगळत तळाशी जातं. चव लागत नाही, म्हणून आपण आणखी ओततो. आता दुसरं पान, स्वच्छ फडक्यात गुंडाळून कोरडं केलेलं. लिंबाचा रस, तेल आणि थोडी वाटलेली मोहरी एकत्र फेटून घेतलीय. मोहरीमुळे दोन्ही एकजीव राहतात. हातानं हलकेच कालवलं की पानापानाला पातळ थर बसतो. लिंबाचा आणखी एक फायदा: त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजी आणि कडधान्यातलं लोह जास्त शोषलं जातं.

मेयोनीज, तळलेले पावाचे तुकडे, मूठभर किसलेलं चीज... यांच्याबद्दल वेगळं काय सांगायचं! मेयोनीजच्या जागी घट्ट दही चालतं. फिकट लेट्यूसमध्ये थोडा गडद पालक मिसळा. आणि नुसत्या पाल्यावर भूक भागत नाही. वाटीभर उकडलेले काबुली चणे घाला, प्रथिनं आणि तंतू दोन्ही मिळतील.

हे सॅलड जेवणाआधी खाल्लं तर? पेन स्टेट विद्यापीठाचा प्रयोगही २००४ चाच. आधी ३०० ग्रॅम हलकं सॅलड खाल्लेल्यांच्या एकूण जेवणातल्या कॅलरी १२ टक्क्यांनी घटल्या. तेवढंच सॅलड चीज-ड्रेसिंगनं जड केलं, तर १७ टक्क्यांनी वाढल्या.

मीठ मात्र अगदी शेवटी, पानात वाढताना. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं आणि फेटलेलं ड्रेसिंग पुन्हा तळाशी.