पिशवी काढायला तर नाही ना सांगणार?

(नाशिकमध्ये परिचारिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागे उभ्या असलेल्या मुलींनो, पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

माझी नोकरी बहुतेक दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात झाली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आमच्याकडे आली तेव्हा मीही भिंतीवर पोस्टर चिकटवलं, मीटिंगमध्ये भाषण केलं. बायका माना डोलवायच्या, चहा घ्यायच्या आणि घरी जायच्या. मग एकदा द्राक्षबागेत गेले. घडांची विरळणी चालली होती. एक मावशी कात्री न थांबवता म्हणाल्या, "सिस्टर, येते मी. पण आधी सांग, पिशवी काढायला तर नाही ना सांगणार?" पिशवी म्हणजे गर्भाशय.

त्यांच्या जावेची पिशवी काढलेली, बहिणीची काढलेली, दोघी चाळिशीच्या आतल्या. मग मावशींनी तपासणीला का म्हणून यावं?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या ज्या बायकांची कधीतरी एकदा ही तपासणी झाली होती, त्या देशात 1.9 टक्के निघाल्या. बाकीच्यांना अडाणी म्हणून आपण मोकळे होतो. मला विचाराल तर त्यातल्या कितीतरी जणींना कुणी विचारलेलंच नसतं, आणि ज्यांना विचारलं त्यांना मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नसतं.

तेव्हा ते उत्तर आधी पाठ करा. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचं पाणी, लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि बघायचं. पांढरा डाग उठला तर तो कॅन्सरच असतो असं नाही. बहुतेकदा नसतोच. कॅन्सरच्या आधीची पायरी निघाली, तर तेवढीच जागा गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येते. पिशवी जागेवर राहते. हे वाक्य तिला दोनदा सांगा. पण "काही निघणारच नाही" असं वचन मात्र देऊ नका. निघालं तर पुढच्या वेळी तुमच्यावर गावात कोण विश्वास ठेवेल?

दुसरा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही. हा आजार एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तो शरीरसंबंधातून पसरतो, एवढंच अर्धवट कळलं की घरात संशय शिरतो. म्हणून उरलेलं अर्धं लगेच सांगा. हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना भेटतो, बहुतेकींचं शरीर तो एक-दोन वर्षांत घालवून टाकतं. ज्यांच्यात तो राहतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. कधी आला, कुणाकडून आला, हे कुठल्याच तपासणीत कळत नाही. सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर त्यांच्या देखतच सांगा, त्यांचंही वय तपासणीचंच असतं बऱ्याचदा!

हे काम मोठ्या डॉक्टरांशिवाय अडतं असं वाटत असेल, तर मुंबईचं उदाहरण घ्या. टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाने 1998 पासून तिथल्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाच्या आसपास बायकांचा अभ्यास केला. निम्म्या भागात दहावी शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी ही व्हिनेगरची तपासणी करायच्या. बारा वर्षांनी त्या भागात या कॅन्सरने होणारे मृत्यू उरलेल्या भागापेक्षा 31 टक्क्यांनी कमी दिसले. तुम्ही तर नर्सिंगचं जीएनएम, बीएस्सी झालेल्या!

आता खाड्याचं बोलू. द्राक्षाच्या हंगामात बाई एक दिवस आली तर तिचा रोज बुडतो. कॅम्प जानेवारीत लावायचा आणि "प्रतिसाद नाही" असा रिपोर्ट लिहायचा, हे मी स्वतः केलंय. नंतर मुकादमिणीशी बोलून टोळीला सुट्टी असेल तो दिवस धरायला लागले. अख्खी टोळी एकदम येते, चेष्टामस्करी करत येते, लाज निम्मी तिथेच संपते. फक्त पाळी चालू असलेलीला दुसरी तारीख द्या, तीही कागदावर लिहून.

आणि टेबलावर? पडदा नसेल तर चादर बांधा, पण बांधा. दार आतून लावा. स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून घालायचं उपकरण, आत घालण्याआधी तिला हातात घेऊन बघू द्या. "पाय सैल सोड" असं खेकसू नका, भीतीने आवळलेले पाय हुकमाने सुटत नाहीत. थांब म्हणाली की थांबा. तिथून बाहेर पडलेली बाई संध्याकाळी नळावर काय सांगते, त्यावर तुमचा पुढचा कॅम्प भरतो.

ज्यांना डाग निघतो त्यांच्या नावापुढे रजिस्टरात "संदर्भित", म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवली, असं लिहून आपण पान उलटतो. तालुक्याहून सिव्हिलला जायचं म्हणजे एसटीची वेळ, सोबतीला माणूस, कुठल्या खिडकीत केसपेपर काढायचा, सगळं तिला नवं. मी शेवटची काही वर्षं आणखी एक रकाना पेनाने आखून घ्यायचे: "पोहोचली का?" तो भरायला फोन करावा लागतो.

त्या मावशी आल्या होत्या. डाग नव्हता. जाताना म्हणाल्या, "जावेला सांगते, तुझी उगाच काढली."

त्यावर काय बोलावं, मला तेव्हा सुचलं नाही.