ज्वारीची रास आणि पोटातले जंतू

(दृश्य : लातूर जिल्ह्यातला गोठा. दावणीला देवणी गाय, गव्हाणीत कडबा.)

कडबा संपला की ही गाय निवांत रवंथ करत बसेल. तो पचवायचं काम मात्र तिच्या कोटीपोटातल्या, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातल्या, जंतूंचं. तिथल्या एका मिलिलिटर द्रवात साधारण हजार कोटी जंतू असतात.

पण आज बोलायचंय ते कणसाबद्दल. ज्वारीच्या दाण्यात स्टार्च ठासून भरलेला असतो. अख्खा दाणा बऱ्याचदा शेणातून तसाच पडतो. भरडला की जंतूंना वाट मिळते. तरी स्टार्चचा कण जंतूपेक्षा मोठाच. तो आत घेता येत नाही, म्हणून अमायलेज हे एन्झाइम बाहेर सोडून त्याचे तुकडे करायचे.

ते बाहेर जातं कसं? कोटीपोटातल्या स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस या जंतूच्या एका वाणात अमायलेजची दोन जनुकं सापडली. एकाच्या सुरुवातीला जास्तीचा तुकडा आहे, पाकिटावरच्या पत्त्यासारखा. त्यामुळे ते एन्झाइम पेशीबाहेर पोचतं आणि कच्च्या स्टार्चलाही चिकटून तो फोडतं. दुसऱ्याला हा तुकडा नाही. ते आतच राबतं.

या जंतूंपैकी बहुतेकांना हवा सोसत नाही, सांभाळणं जिकिरीचं. म्हणून त्यांची जनुकं ई. कोलाय या प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या जंतूमध्ये घालून अभ्यासतात. ब्युटिरिव्हिब्रिओ या कोटीपोटातल्याच दुसऱ्या जंतूच्या अमायलेजचं जनुक असंच १९९१ मध्ये उलगडलं.

(दृश्य : खळं, रात्र. तुटलेलं दावं.)

जनावर राशीत शिरलं, किंवा लग्नात उरलेला भात-पोळ्यांचा ढीग कुणी मायेनं पुढ्यात ओतला. अशा मायेनं आपल्याकडे बरीच गुरं दगावतात. बोव्हिसला तर सुगीच! अर्ध्या तासाच्या आत त्याची संख्या दुप्पट होऊ शकते. पेशीत साखरेचा लोंढा आला की लॅक्टिक आम्ल बनवणारं लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम जोर धरतं आणि लॅक्टिक आम्लाचा पूर येतो. सामू (पीएच) घसरला, म्हणजे आंबटपणा वाढला, की त्याच एन्झाइमचं जनुक आणखी जोरात चालतं. सामू साडेपाचाखाली गेला की रवंथ बंद, शेण पातळ आणि आंबूस, जनावर मान टाकून उभं. डॉक्टर खायचा सोडा पाजतात. फारच झालं तर कोटीपोट उघडून धान्य काढावं लागतं.

लॅक्टिक आम्लावर जगणारा मेगास्फेरा एल्सडेनी नावाचा जंतूही तिथंच असतो. पण त्याची संख्या वाढायला दिवस लागतात. म्हणूनच कडब्यावरच्या गायीला भरडा सुरू करताना जाणते लोक मूठमूठ वाढवत दोन-तीन आठवडे घेतात.