मागच्या रांगेतली खुर्ची

(पडद्यावर: पहाट. रिकामं सभागृह. एक माणूस सतरंजी झटकतोय.)

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणाऱ्याला नशा तुटल्यावर टर्की लागते तेव्हा हाडं कुणीतरी पिळतंय असं वाटतं. नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात कळा, झोप तर नाहीच. डॉक्टर औषध देतात आणि ते लागतंच. पण रात्री तीन वाजता कुणीतरी उशाशी बसून म्हणतो, "आठवड्यात उतरेल रे, माझंही उतरलं होतं," तेव्हा पेशंट पहिल्यांदा मान वर करून बघतो. हा नुसता धीर देणारा माणूस नाही. हा तिथं जाऊन परत आलेला आहे.

(पडद्यावर: येरवड्याचा रस्ता, सकाळची रहदारी.)

1980 नंतरच्या वर्षांत मुंबई-पुण्यात गर्द पसरलं. पन्नीवर पावडर, खाली पेटती काडी आणि वर येणारा धूर. चांगल्या घरातली कॉलेजची पोरं घरातली भांडी विकायला लागली. डॉ. अनिल अवचट डॉक्टरकी सोडून लेखणीकडे वळलेले. त्यांनी या पोरांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

पैसे, जागा, डॉक्टर. एवढ्यावर वॉर्ड उभा राहतो. चळवळ उभी राहायला आणखी काहीतरी लागतं, आणि मुक्तांगणात ते पेशंटांकडूनच आलं. बरे झालेले काही जण घरी जाऊन परत आले ते कामाला. तिथं पेशंटला रुग्णमित्र म्हणतात. कालचा रुग्णमित्र आज नव्याशी बोलायला बसतो. यात नुसता जिव्हाळा नाही, व्यवहारही आहे. व्यसनी माणूस थापा मारण्यात पटाईत असतो. पांढऱ्या कोटाला गुंडाळणं त्याला सोपं जातं. ज्यानं स्वतः बुटाच्या तळव्याखाली पुडी लपवली आहे, त्याला कसं गुंडाळणार?

(पडद्यावर: हात. चहाचे कप. कुणाचाही चेहरा नाही.)

अनिता अवचटांबद्दल तिथली माणसं आईबद्दल बोलावं तशी बोलतात. ऐकायला गोड वाटतं. पण मला त्या शब्दाची थोडी धास्तीही वाटते. "मॅडमसाठी सोडली" असं म्हणणाऱ्याची दारू मॅडमच्या खुंटीला टांगलेली असते. खुंटी गेली तर?

1997 च्या फेब्रुवारीत ती गेली. कॅन्सरनं.

पुढं संस्थेची धुरा मुलीनं, मुक्ता पुणतांबेकरांनी घेतली. संस्थापकाची मुलगी त्याच खुर्चीवर म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात, आणि बऱ्याचदा त्या उंचावायलाच हव्यात. इथं एवढंच म्हणेन, की खुर्ची एकटी नव्हती. भोवती गोल करून बसलेली माणसं होती. महिन्या-महिन्याला पाठपुराव्याला येणारी, एकमेकांच्या बायकामुलांना नावानं ओळखणारी. एका बाईवरची माया तोवर या गोलात वाटली गेली होती. 27 जानेवारी 2022 ला अनिल अवचटही गेले. काम थांबलं नाही.

(पडद्यावर: जुना काळा-पांढरा फोटो. अमेरिकेतलं एक लहान शहर.)

सगळं एकाच माणसावर टांगलेलं असण्याचा हाच पेच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेनं अगदी उलट्या टोकानं सोडवला. 1935 मध्ये ओहायो राज्यातल्या ॲक्रनमध्ये न्यूयॉर्कचा एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन भेटले. दोघेही पिणारे. एकमेकांशी बोलत राहिलो तर पीत नाही, एवढाच त्यांचा शोध. 1950 मध्ये क्लीव्हलँडच्या मेळाव्यात त्यांच्या बारा परंपरांवर शिक्कामोर्तब झालं. पुढारी हे विश्वासू सेवक, सत्ता कुणाचीच नाही. वर्तमानपत्रात सभासदाचं पूर्ण नाव छापून आणायचं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो सर्जन वारला. नियम अगदी वेळेवर झाला म्हणायचा. आज आपल्याकडेही मराठीत या सभा भरतात. आडनाव कुणी विचारत नाही. आणि गंमत म्हणजे, रुसून वेगळा गट काढणाऱ्यांनीही ही संघटना वाढवली आहे.

(पडद्यावर: सभागृहाबाहेर काढलेल्या चपलांची रांग.)

माया उलटतेही. "मी याला सुधारणारच" असं म्हणत कार्यकर्ता एकाच पोरात गुंततो. पोराची स्लिप होते, म्हणजे ते पुन्हा नशेकडे वळतं, आणि मग याचाही पाय घसरतो. घरी बायको हेच करत असते. साहेबांना फोन करते, "ताप आहे, आज येणार नाहीत." उधाऱ्या फेडते. प्रेमानंच करते, आणि त्या प्रेमावर दारू पोसली जाते. म्हणून मुक्तांगणात पत्नींचा वेगळा 'सहचरी' गट आहे. तिथं बायका आधी रडतात, मग एकमेकींना विचारायला लागतात, "तू फोन का केलास?" हा प्रश्न डॉक्टरनं विचारला असता तर बाई उठून गेली असती. शेजारणीनं विचारला, म्हणून ती बसून राहते. पुढं नव्या आलेल्या बाईला तीच विचारते. कुणी तिला नेमलेलं नसतं.

(पडद्यावर: सभागृह भरलंय. समोर टेबल.)

आज वाढदिवस आहे. जन्माचा नव्हे, व्यसन सोडल्याचा. समोर उभ्या माणसाला पाच वर्षं पूर्ण झाली आहेत. तो बोलायला लागतो आणि दुसऱ्या वाक्याला आवाज जातो. बायको माईक घेते. "पूर्वी हे घरी आले की मुलं कॉटखाली जायची," ती म्हणते. "आता चपलांचा आवाज आला की दार उघडायला पळतात."

टाळ्या वाजतात. मागच्या रांगेत परवाच दाखल झालेला एक जण हाताची घडी घालून बसला आहे. तो टाळी वाजवत नाही. पुढच्या रांगेतून एक जण उठतो, मागं जातो आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. काही बोलत नाही.

(पडदा हळूहळू काळा.)