पक्ष्यांच्या विष्ठेवर उभं राहिलेलं राज्य: मार्शल रामोन कास्तीया

[पडद्यावर: उजाड वाळवंट. दूरवर घोडेस्वारांची रांग.]

३० मे १८६७. पॅसिफिक किनाऱ्यालगतचं तारापाकाचं वाळवंट.

घोड्यावरचा हा माणूस सत्तरीला टेकलाय. दोनदा पेरूचा राष्ट्राध्यक्ष होऊन झालंय, हद्दपारी भोगून झालीय. या वयात माणूस अंगणात खुर्ची टाकून बसतो. हा मात्र लिमातल्या सरकारविरुद्ध बंड करायला निघालाय. तिलिविचे नावाच्या ठिकाणी, वाटेतच, त्याचा श्वास थांबला.

त्याचं नाव रामोन कास्तीया. जन्म १७९७ चा, याच तारापाकातला. मरायला तो जवळजवळ घरीच आला म्हणायचं.

पेरूच्या स्वातंत्र्याचा हा सेनानी आधी स्पेनच्या राजाच्या फौजेत होता. १८१७ मध्ये चिलीतल्या चाकाबुकोच्या लढाईत तो स्वातंत्र्यवाद्यांच्या हाती लागला. अर्जेंटिनात कैदेत पडला. तिथून सुटून रिओ द जानेरोला पोचला आणि मग ब्राझीलचं जंगल, मातो ग्रोसोचे दलदलीचे प्रदेश तुडवत महिनोन्‌महिने चालत पेरूत परतला. पुढं त्यानं बाजू बदलली आणि १८२४ मध्ये अयाकुचोच्या निर्णायक लढाईत तो स्पेनविरुद्ध लढला.

स्वातंत्र्य आलं, पण शांतता आली नाही. सेनापतीमागून सेनापती लिमावर चालून येत राहिले. कास्तीयाही त्यातलाच एक. १८४५ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा तिजोरीत खडखडाट असायला हवा होता. तो नव्हता, आणि त्याचं कारण होतं पक्ष्यांची विष्ठा.

[पडद्यावर: चिंचा बेटं. काळ्या-पांढऱ्या पाणकावळ्यांचे थवे.]

पिस्को बंदरासमोरची ही चिंचा बेटं. इथल्या थंड समुद्री प्रवाहात छोट्या माशांची रेलचेल, आणि ते मासे खाणारे लाखो पक्षी. पाऊस जवळपास पडतच नाही, त्यामुळं विष्ठेतलं नत्र वाहून जात नाही. हजारो वर्षांत तिचे थरावर थर चढले, टेकड्याच झाल्या. याला म्हणतात ग्वानो. शेणखत ज्यांनी हातानं शेतात टाकलंय, त्यांना याची किंमत समजावून सांगायला नको. कस गेलेल्या इंग्लंडच्या जमिनींना हे खत म्हणजे संजीवनी होती. बेटं सरकारच्या मालकीची, लंडनच्या गिब्स पेढीशी विक्रीचा करार, आणि पैसा थेट लिमात.

त्या पैशावर कास्तीयानं देशाचा पहिला अर्थसंकल्प मांडला, वाफेवर चालणारी युद्धनौका घेतली. १८५१ मध्ये लिमा आणि कायाओ बंदर यांच्यामध्ये आगगाडी धावली. त्याच वर्षी मुदत संपताच त्यानं एचेनिके नावाच्या सेनापतीकडं सत्ता सोपवली. त्या काळच्या पेरूत हीच मोठी बातमी. पण एचेनिकेच्या कारभारात जुन्या सरकारी कर्जाचे खोटेनाटे दावे मंजूर झाले, ग्वानोचा पैसा भलत्याच खिशांत गेला, आणि कास्तीयानं पुन्हा तलवार उपसली.

इथून पुढची गोष्ट माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात गुंतागुंतीची.

जुलै १८५४ मध्ये, बंडाच्या धामधुमीत, अयाकुचोतून त्यानं मूलनिवासींवरची डोईपट्टी रद्द केली. स्पेनच्या राजवटीपासून चालत आलेला हा कर. नोव्हेंबरात एचेनिकेनं डाव टाकला: जे गुलाम माझ्या सैन्यात येतील, ते मुक्त. कास्तीयानं ३ डिसेंबरला हुआंकायोतून उत्तर दिलं: सगळेच गुलाम मुक्त, फक्त जे एचेनिकेच्या बाजूनं शस्त्र धरतील ते सोडून!

म्हणजे गुलामगिरी संपवण्यामागं माणुसकी किती आणि लढाईचा हिशेब किती? दोन्ही होतं, असंच म्हणावं लागतं. एक खरं, की जानेवारी १८५५ मध्ये ला पाल्माच्या लढाईत जिंकल्यावरही त्यानं शब्द फिरवला नाही. २५ हजारांहून अधिक माणसं मुक्त झाली. भरपाई मिळाली ती मालकांना, माणसामागं ३०० पेसो. ज्यांनी राबून पाठ मोडून घेतली, त्यांना दमडी नाही. आणि भरपाईचा पैसा कुठला? ग्वानोचाच.

[पडद्यावर: कुदळी, धुळीचे लोट, कड्याखाली उभी जहाजं.]

पण ग्वानो खणत कोण होतं? या बेटांवर कैदी होते, गुलाम होते, आणि १८४९ नंतर चीनमधून करारावर आणलेले मजूर. त्यांना आणायची परवानगी देणारा कायदा कास्तीयाच्याच पहिल्या कारकिर्दीतला. नाकातोंडात जाणारी ती झोंबरी धूळ, वर मुकादमाचा चाबूक. कित्येकांनी कड्यावरून समुद्रात उड्या टाकल्या. १८५६ मध्ये कास्तीयानं मजूर आणण्याचा हा व्यापार बंद केला. १८६१ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे पेरूच्या संसदेनं, तो पुन्हा सुरू केला. शेतमालकांना हात हवे होते.

त्याच्या दुसऱ्या कारकिर्दीत १८६० ची राज्यघटना झाली. मधला थोडा काळ सोडला तर ती १९२० पर्यंत टिकली. १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेसेतच्या स्पेनबाबतच्या मवाळ धोरणावर तो तुटून पडला, तेव्हा पेसेतनं त्याला थेट जिब्राल्टरला धाडलं. तिथून परतला तो गप्प बसायला नव्हे, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं.

चिलीनं एक युद्धनौका घेतली तर पेरूनं दोन घ्याव्यात, असं तो म्हणत असे, असं सांगतात. त्याच्यामागून आलेल्यांनी ग्वानोच्या भरवशावर कर्ज काढलं, रेल्वे बांधल्या. नौदल मात्र मागं पडलं. १८७९ मध्ये चिलीशी युद्ध पेटलं, तेव्हा चिलीकडं दोन नव्या चिलखती नौका होत्या.

१८८३ च्या तहात तारापाका चिलीकडं गेलं. कास्तीयाची समाधी लिमात आहे. तो जन्मला ते गाव आणि तिलिविचे, दोन्ही आज चिलीत.

[पडद्यावर: वाळवंट. रिकामी वाट.]