२५ ते ४०च्या दरम्यान

श्रोतेहो, नमस्कार.

न्यायालयातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हाडांचा तज्ज्ञ उभा आहे. वकील विचारतात, "मृत व्यक्तीचं वय किती होतं?" तज्ज्ञ सांगतो, "२५ ते ४०च्या दरम्यान." वकील कागदावरून मान वर करतात. "पंधरा वर्षांचा फरक? एवढं तर कुणीही तोंडाकडे बघून सांगेल!" मागच्या बाकांवर हशा पिकतो. तज्ज्ञ हसत नाही आणि उत्तरही बदलत नाही.

आज मला त्या न बदललेल्या उत्तराविषयी बोलायचं आहे. हाडं बोलतात, असं आपण फार वेळा ऐकलेलं असतं. पण हाडं गप्पच असतात, श्रोतेहो. बोलतो तो माणूस, तोही शपथेवर. आणि कुठवर बोलायचं नि कुठे थांबायचं हे ठरवण्यातच त्याची निम्मी विद्या खर्च होते.

सुरुवात अगदी साध्या प्रश्नापासून होते. हे हाड माणसाचं आहे का? हसू नका. अस्वलाच्या पंजाची नखं आणि कातडी गेली की उरलेली हाडं माणसाच्या हाताशी इतकी मिळतीजुळती दिसतात की भले भले फसतात. दुसरा प्रश्न, माणसं किती? याचा हिशेब सरळ आहे. डाव्या मांडीची दोन हाडं सापडली, तर माणसं किमान दोन. 'किमान' हा शब्द लक्षात ठेवा, कारण अहवालात तो असाच लिहिला जातो. मग हाडं मऊ ब्रशनं, हलक्या हातानं साफ होतात आणि लांब टेबलावर डोक्यापासून पायापर्यंत आपापल्या जागी मांडली जातात. प्रौढ माणसाची हाडं २०६. काय आहे, काय नाही, याची यादी होते. जे नाही त्याचीही नोंद लागते, कारण पुढे बचाव पक्षाचा वकील नेमकं तेच विचारणार असतो.

त्यानंतर स्त्री की पुरुष. इथे कंबरेची हाडं सगळ्यात भरवशाची. बाळंतपणासाठी स्त्रीच्या कटिभागाची घडण रुंद असते. पुढे जिथे दोन्ही बाजूंची हाडं भेटतात, त्याखालचा कोन तिच्यात पसरट असतो आणि पुरुषात अरुंद. कवटीवरून अंदाज बांधता येतो, म्हणजे भुवयांवरचा उंचवटा, कानामागचा टेंगूळ वगैरे. पण कंबर हाताशी असेल तर तज्ज्ञ कवटीवर विसंबत नाही. आणि सांगाडा लहान मुलाचा असेल तर? तर हाडांकडे नुसतं पाहून मुलगा की मुलगी हे खात्रीनं सांगता येत नाही, कारण हे फरक वयात आल्यावरच उमटतात. अशा वेळी अहवालात 'सांगता येत नाही' असं लिहायला हवं. हे तीन शब्द लिहायला काय धाडस लागतं, ते ज्याच्या मागे तपास अधिकाऱ्याचे फोन लागलेले असतात त्यालाच ठाऊक.

वयाची गोष्ट मोठी गमतीची आहे. मूल वाढत असतं तोवर शरीर जणू तारखा टाकत जातं. दात एका ठरावीक क्रमानं तयार होतात, लांब हाडांची टोकं ठरावीक सुमारास मधल्या दांड्याशी जुळून एकजीव होतात. सगळ्यात शेवटी जुळतं ते गळ्याखाली हाताला लागणाऱ्या हासळीच्या हाडाचं, म्हणजे कॉलरबोनचं, छातीकडचं टोक; तेही साधारण तिशीच्या आत. तिथवर अंदाज दोन-चार वर्षांच्या आत बसतो. त्यानंतर मात्र वाढ संपलेली, नुसती झीज उरलेली. आणि झीज प्रत्येकाची निराळी. कंबरेच्या पुढच्या सांध्याचा पृष्ठभाग तरुणपणी लाटांसारखा उंचसखल असतो, पुढे सपाट होतो, मग कडेनं खडबडीत. टॉड यांनी १९२० साली याचे टप्पे पाडले. पुढे सुची आणि ब्रूक्स यांनी पुरुषांचीच सातशेहून अधिक हाडं तपासून सहा टप्पे केले. त्यांतल्या पाचव्या टप्प्यातला पुरुष किती वर्षांचा? २७ ते ६६. ऐकून वकिलाला घाम फुटावा असा आकडा आहे हा! पण तो कच्च्या अभ्यासाचा आकडा नाही, माणसामाणसांत खरोखर एवढा फरक असतो. म्हणून एकाच खुणेवर कुणी थांबत नाही. बरगड्यांची टोकं, दात, कंबरेचा मागचा सांधा, हे सगळं एकत्र पाहिलं की पट्टा थोडा अरुंद होतो. पिंजऱ्यातल्या आपल्या तज्ज्ञाचे २५ ते ४० असेच कष्टानं आलेले होते.

आता उंची. मांडीचं हाड शरीराच्या उंचीच्या साधारण पाव असतं, एवढं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डिन ग्लेझर यांनी १९५२ साली युद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या हाडांवरून सूत्रं बसवली. भरतीच्या वेळी मोजलेली त्यांची उंची कागदोपत्री होतीच. गोऱ्या पुरुषांसाठीचं सूत्र असं: मांडीच्या हाडाची सेंटीमीटरमधली लांबी गुणिले २.३८, अधिक ६१.४१. हाड ४५ सेंटीमीटरचं असेल तर उंची येते सुमारे १६८.५ सेंटीमीटर. पण त्या सूत्राला एक शेपूट आहे, अधिक-उणे ३.२७. म्हणजे १६५ ते १७२. आणि एवढ्या पट्ट्यातही तीनांतले साधारण दोघेच बसतात. तिसऱ्याला सामावून घ्यायचं तर पट्टा दुप्पट रुंद करावा लागतो. शिवाय हे सूत्र ज्या लोकांवरून बसवलं त्यांच्यासाठी. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या बांध्याच्या माणसाला ते लावलं की अंदाज घसरतो.

याच सूत्रांची आणखी एक कथा आहे, आणि ती मला फार आवडते. मांडीखालच्या नडगीच्या हाडासाठी ट्रॉटरबाईंनी सूत्र दिलं होतं. १९९०च्या दशकात काही संशोधकांनी जुनी मापं पडताळली, तेव्हा ध्यानात आलं की बाईंनी ते हाड मोजताना घोट्याचा आतला उंचवटा वगळला होता, आणि सूत्र वापरणारे मात्र तो धरून मोजत होते. चाळीस वर्षं! माणसं प्रत्यक्षात होती त्याहून उंच ठरत राहिली. चूक सापडली ती जुन्या नोंदी जपून ठेवल्या होत्या म्हणून, आणि इतक्या मोठ्या नावाची मापं पुन्हा मोजायला कुणी कचरलं नाही म्हणून.

पण न्यायालयाचं खरं लक्ष असतं ते इजांकडे. हाड मोडलंय, पण केव्हा? जिवंतपणी मोडलेलं हाड भरून यायला लागतं. कडा गोलसर होतात, नवं हाड धरतं. मृत्यूनंतर खूप दिवसांनी मोडलेलं हाड वाळलेल्या काडीसारखं तुटतं, आणि तुटलेली कड बाकीच्या मळलेल्या हाडापेक्षा फिकी दिसते. फावडं लागलेलं असं लगेच ओळखू येतं. अडचण मधल्या काळाची आहे. हाड ओलं होतं, भरून यायला वेळ मिळाला नव्हता. म्हणजे मृत्यूच्या सुमारास. ही इजा मृत्यूच्या जरा आधीची की जरा नंतरची, ते हाडावरून कळत नाही. आणि 'या इजेमुळेच मृत्यू झाला' असं म्हणणं तर हाडांच्या तज्ज्ञाचं कामच नव्हे. मृत्यूचं कारण न्यायवैद्यकाचा डॉक्टर ठरवतो.

तरीही कवटी पुष्कळ सांगू देते. गोळी शिरते तिथे भोक आतल्या बाजूला रुंदावत जातं, बाहेर पडते तिथे बाहेरच्या बाजूला. काचेला खडा लागला की मागच्या बाजूनं टवका उडतो, तसंच. दोन घाव असतील तर दुसऱ्या घावाची भेग पहिल्या भेगेपाशी येऊन अडते, ओलांडून जात नाही. म्हणजे पहिला घाव कुठला, हे ओळखता येतं.

याच ज्ञानाचा मोठा कस १९८५ साली अर्जेंटिनात लागला. लष्करी राजवटीत हजारो माणसं बेपत्ता झाली होती. राजवट गेल्यावर बेनामी कबरी उकरल्या गेल्या त्या आधी चक्क बुलडोझरनं! हाडं चुरडली, एकाची दुसऱ्यात मिसळली, पुरावा मातीत गेला. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो १९८४ मध्ये तिथे पोचले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून थराथरानं खोदायला, नोंदी ठेवायला शिकवलं. त्यातून उभं राहिलेलं पथक आजही जगभर काम करतं. लष्करी नेत्यांवरच्या खटल्यात स्नो यांनी एका तरुण स्त्रीच्या कवटीच्या स्लाइड दाखवल्या. ती चकमकीत मेली, असं लष्कराचं म्हणणं होतं. कवटीवरची खूण होती जवळून झाडलेल्या गोळीबाराची. स्नो यांना आवाज चढवावा लागला नाही. त्याच डिसेंबरात दोन नेत्यांना जन्मठेप झाली. अर्थात त्यामागे शेकडो साक्षी होत्या, एकटी कवटी नव्हे.

मृत्यू होऊन किती काळ झाला, हा प्रश्न सगळ्यात निसरडा. १९७७ साली टेनेसीतल्या एका जुन्या कबरीशी उकरल्याच्या खुणा दिसल्या आणि आत बिनशिराचं प्रेत मिळालं, त्यावर गुलाबी मांस अजून टिकून होतं. विल्यम बास हे नाणावलेले तज्ज्ञ. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं की मृत्यूला फार तर वर्ष झालं असेल. प्रेत निघालं कर्नल शाय यांचं, अमेरिकी यादवीत १८६४ साली मारले गेलेले! शरीरात औषध भरलेलं, शवपेटी ओतीव लोखंडाची. कुजायला वावच नव्हता. अंदाज ११३ वर्षांनी चुकला. बास यांनी ही चूक लपवली नाही, उलट ती स्वतःच सांगत राहिले. आणि पुढे काही वर्षांतच त्यांनी विद्यापीठाच्या आवारात एक जागा मिळवली, जिथे दान केलेली शरीरं उघड्यावर, झाडाखाली, पाण्यात ठेवून कुजण्याचा वेग मोजला जातो. ऐकायला कसंसंच वाटतं, मलाही वाटलं होतं. पण आज न्यायालयात काळाविषयी जे काही जबाबदारीनं बोललं जातं, त्याच्या मुळाशी अशीच मोजमापं आहेत.

ओळख पटवणं ही आणखी वेगळी पायरी. स्त्री, तिशीची, मध्यम उंचीची, एवढ्यानं कुणाचं नाव लागत नाही. यादी छोटी होते, इतकंच. नाव लागतं ते दातांच्या जुन्या नोंदी, एक्स-रे, डीएनए यांनी. कपाळाच्या हाडातल्या पोकळीची कड प्रत्येकाची निराळी असते. जुना एक्स-रे मिळाला तर तीही जुळवता येते. नाझी डॉक्टर मेंगेले याचा सांगाडा १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये खोट्या नावाच्या कबरीतून काढला. रिचर्ड हेल्मर यांनी कवटीवर जुन्या छायाचित्रांच्या प्रतिमा बसवून पाहिल्या, त्या जुळल्या. तरीही शंका सात वर्षं जिवंत राहिली आणि १९९२ साली डीएनएनं मिटली.

आता परत न्यायालयात. शिकागोत १८९७ साली सॉसेज बनवणाऱ्या एका कारखानदारावर बायकोच्या खुनाचा खटला चालला. प्रेत दाहक पोटॅशच्या पिंपात विरघळवलं, असा आरोप. उरलं काय, तर अंगठी आणि हाडांचे बारीक तुकडे. मानवशास्त्रज्ञ जॉर्ज डॉर्सी म्हणाले, हे तुकडे माणसाचे. बचावाचे तज्ज्ञ म्हणाले, जनावराचेही असू शकतील. पहिल्या ज्युरीचं एकमत झालंच नाही. १८९८च्या दुसऱ्या खटल्यात जन्मठेप झाली.

तज्ज्ञाचं ऐकायचं की नाही, हे न्यायालयं कशावरून ठरवतात? अमेरिकेत १९२३च्या एका निकालानं कसोटी घातली की पद्धत त्या शास्त्रात मान्य असावी. १९९३च्या निकालानं पुढे विचारलं, पद्धत तपासून पाहिली आहे का, तिच्या चुकीचं प्रमाण किती? म्हणजे अधिक-उणे ३.२७ ही शेपूट लाजिरवाणी राहिली नाही, ती सांगणं आवश्यक झालं. आणि शब्द तोलून वापरावे लागतात. 'ही इजा हातोडीनं झाली' असं तज्ज्ञ म्हणत नाही. 'गोल, बोथट पृष्ठभागाच्या वस्तूशी ही इजा जुळते' असं म्हणतो. हातोडी जप्त झाली असेल तरीही. वकील दहा वेळा 'हो की नाही?' विचारतात. दहाव्या वेळीही उत्तर तेच.

निकाल लागतो. मग हाडं घरच्यांना परत द्यायची वेळ येते. ज्या यादीवरून टेबलावर मांडली होती, तीच यादी पुन्हा हातात घेऊन, एकेक हाड मोजून पेटीत ठेवलं जातं. शेवटी खाली लिहिलं जातं: उजव्या हाताच्या बोटांची तीन हाडं मिळाली नाहीत. घरच्यांची सही त्याखाली.